पडत्या विमानाचा हिशेब

मित्रांनो, कर्जत म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? स्टेशनातला गरमागरम वडा? घाट चढायला गाडीच्या मागे लागणारी जादा इंजिनं? की पावसाळ्यातले धबधबे? मला मात्र कर्जत म्हटलं की एक आवाज आठवतो. धप्प!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारीतला रविवार होता. कर्जतपासून थोडं आत, भाताची कापणी होऊन गेलेल्या शिवारात आम्ही पाच-सहाजण जमलो होतो. पश्चिमेला माथेरानचा डोंगर, पूर्वेला सह्याद्रीची उभी भिंत आणि हवेत छान गारवा. शेतमालक काकांची परवानगी आधीच घेतलेली होती. त्यांच्या खाचरांच्या कडेला माळाची एक लांब, सपाट पट्टी आहे. तीच आमची धावपट्टी!

त्या धावपट्टीवर आमचं विमान उभं होतं. खेळण्यातलं नव्हे बरं का! पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावणेतीन मीटर. म्हणजे तुमचे बाबा आणि त्यांच्या डोक्यावर तुमचा धाकटा भाऊ उभा राहिला, तर होईल तेवढं. वजन साडेनऊ किलो. नाकात पेट्रोलवर चालणारं 40 सीसीचं इंजिन. जुन्या लूना मोपेडचं इंजिन 50 सीसीच्या आसपास असायचं, त्यावरून अंदाज करा. मी आणि माझी नववीतली भाची, दोघांनी सात महिने रोज संध्याकाळी खपून ते बांधलं होतं. या विमानात माणूस बसत नाही. जमिनीवर उभं राहून, हातातल्या रेडिओ रिमोटने ते उडवायचं.

विमान झोकात उडालं. एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीत, साधारण 40 मीटर उंचीवर, इंजिन खोकलं. फट्, फट्... आणि गप्प!

सगळ्या शिवारात एकदम शांतता पसरली. विमानाच्या वाटेवर वालाचं शेत होतं. त्या शेतात चार-पाच बायका आणि दोन लहान मुलं शेंगा तोडत होती. माझ्या हातात फार तर दहा-बारा सेकंद होते.

मग मी काय केलं? सांगतो, पण शेवटी! कारण ते नीट कळायला आधी तीन गोष्टी समजून घ्यायला हव्यात. मोठं विमान पडणं हे छोटं विमान पडण्यापेक्षा वेगळं का? विमान मुळात पडतं का? आणि त्या पडण्याची किंमत किती?

चौथाई आकार, पण वजन किती?

आमचं विमान होतं 'पुष्पक'च्या धर्तीवर बांधलेलं. हे पुष्पक रामायणातलं नव्हे. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट या कारखान्यात तयार झालेलं दोन आसनी विमान. ते 1958 साली पहिल्यांदा उडालं आणि पुढे देशभरातल्या फ्लाइंग क्लबांत कितीतरी वैमानिक त्याच्यावर शिकले. त्याच्या रचनेमागे होते डॉ. विष्णू माधव घाटगे. आपल्या कोल्हापूरकडचा हा मराठी माणूस जर्मनीतल्या ग्योटिंगेनला जाऊन प्रान्टल या जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून आला होता.

खऱ्या पुष्पकचा पंख सुमारे 11 मीटर लांब आणि उडतानाचं वजन सुमारे 600 किलो. आम्ही त्याचा चौथाई आकार घेतला. मग वजनही चौथाई, म्हणजे 150 किलो व्हायला हवं ना? छे! इथेच गंमत आहे. लांबी चौथाई झाली, रुंदीही चौथाई झाली आणि उंचीसुद्धा. म्हणजे 4 × 4 × 4, एकूण 64 पटींनी कमी. आता 600 ला 64 ने भागा पाहू. उत्तर येतं साडेनऊच्या जवळपास!

हेच गणित उलटं करा. तुमच्याकडे एक किलोचं फोमचं विमान आहे. तेच हुबेहूब दुप्पट आकाराचं केलं, तर वजन दोन किलो होत नाही, 2 × 2 × 2 म्हणजे आठ किलो होतं. पंखाचं क्षेत्रफळ मात्र 2 × 2 म्हणजे चौपटच वाढतं. ओझं आठपट आणि ते पेलणारा पंख चौपट! म्हणून पंखाच्या प्रत्येक चौरस इंचावर दुप्पट भार येतो. हा भार पेलायला विमानाला जास्त वेगाने उडावं लागतं, साधारण 1.4 पट. उतरतानासुद्धा!

मोठ्या विमानाचे फायदेही आहेत. वाऱ्याच्या झुळकेने ते हेलकावत नाही, दूरवरून स्पष्ट दिसतं आणि खऱ्या विमानासारखं डौलात उडतं. पण ते पडलं तर?

साडेनऊ किलोचं विमान ताशी 60 किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळलं, तर तो दणका जवळजवळ 14 मीटर उंचीवरून पडण्याइतका असतो. म्हणजे समजा, कर्जतच्या तांदळाची दहा किलोची पिशवी कुणीतरी चौथ्या मजल्याच्या गच्चीवरून खाली सोडली. त्या पिशवीखाली तुम्ही उभे राहाल? नाही ना? मग मोठ्या मॉडेल विमानाखालीही उभं राहायचं नाही. आणि पुढे फिरणारा पंखा वेगळाच! 2013 साली न्यूयॉर्कमध्ये 19 वर्षांचा एक तरुण स्वतःच्याच मॉडेल हेलिकॉप्टरचं पातं लागून दगावला. तो नवशिका नव्हता, चांगला सराव असलेला होता.

विमान पडतं कशाने?

पहिलं कारण म्हणजे स्टॉल. वडापावचा स्टॉल नव्हे हं! पंखावरून हवा पुरेशा वेगाने वाहिली, तरच पंख विमानाला उचलून धरतो. वेग फार कमी झाला किंवा नाक फार वर केलं, की हवेचा प्रवाह पंखापासून सुटतो. मग एक पंख अचानक खाली कलतो आणि विमान दगडासारखं येतं. उतरताना, जमीन जवळ आली की, घाबरून नाक वर ओढण्याचा मोह होतो. तिथेच घात होतो.

दुसरं कारण आहे उजव्या-डाव्याचा घोटाळा. विमान तुमच्यापासून दूर जातंय तोवर सगळं सोपं असतं. पण ते वळून तुमच्याकडे यायला लागलं, की त्याचा डावा पंख तुमच्या उजव्या हाताला येतो. शिकाऊ माणूस हमखास उलटी दांडी ओढतो आणि विमान आणखी कलतं. यावर एक युक्ती आहे, लिहून ठेवा. विमान समोरून येत असेल, तर जो पंख खाली झुकलाय त्याच बाजूला दांडी सरकवायची. जणू काही पडत्या पंखाला आपण खालून टेकू देतोय!

तिसरं कारण इंजिन बंद पडणं. अशा वेळी विमान लगेच पडत नाही, ते घसरगुंडीवरून यावं तसं तरंगत खाली येतं. फक्त नाक किंचित खाली ठेवून वेग राखायचा आणि समोर दिसेल त्या मोकळ्या जागी उतरायचं. 'अजून थोडं पुढे नेऊ, धावपट्टीपर्यंत पोचेलच' असं म्हणत नाक वर ओढलं, की पुन्हा स्टॉल!

चौथं कारण रेडिओ. पूर्वी रिमोटमध्ये ठरावीक फ्रिक्वेन्सीचा क्रिस्टल असायचा. मैदानावर दोघांनी चुकून एकाच क्रिस्टलचे रिमोट चालू केले, की दोन्ही विमानांचा निकाल! आजचे 2.4 गिगाहर्ट्झचे रिमोट आपापल्या विमानाची ओळख लक्षात ठेवतात, त्यामुळे ते भांडण जवळजवळ मिटलं. तरीही बॅटरी उतरणं, जोडणीची तार निसटणं हे होतंच. म्हणून उडवण्याआधी रिमोट दूर नेऊन विमान आज्ञा ऐकतंय ना, हे तपासायचं. शिवाय संदेश तुटलाच तर इंजिन आपोआप मंद व्हावं, अशी सोय रिसीव्हरमध्ये असते. ती आधी लावून ठेवायची.

पाचवं कारण म्हणजे जागा. कर्जत-खालापूरचा परिसर वरून मोकळा दिसतो, पण फसवा आहे. खोपोलीचं वीजघर 1915 सालचं, भिवपुरीचं 1922 सालचं. तिथली वीज मुंबईकडे नेणाऱ्या उच्च दाबाच्या तारा डोंगरापासून शेतांवरून गेल्या आहेत. लोहमार्ग आहे, खालापुरातून द्रुतगती महामार्ग गेला आहे. डोंगराच्या आडोशाला वारा गिरक्या घेतो. आणि शेतांत माणसं असतात. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण आमच्या गोष्टीत तोच महत्त्वाचा आहे.

भाचीची वही

आता पैशांचं बघू. आईबाबांनीही हा भाग जरूर वाचावा!

मोठ्या विमानाआधी आम्ही एक वर्ष फोमचं छोटं विमान उडवत होतो. विमान, रिमोट, बॅटरी, चार्जर असं सगळं मिळून 12,000 रुपयांना पडलं. 'बारा हजार गेले, आता खर्च संपला' असं मला वाटलं होतं. भाची हुशार! तिने पहिल्याच दिवशी एक वही केली आणि तिच्यावर नाव घातलं 'पडझड खातं'. विमान पडलं की तारीख, कारण आणि खर्च असे तीन रकाने भरायचे.

पहिल्या सहा महिन्यांत विमान 23 वेळा पडलं. कधी बांधावर, कधी बाभळीत, एकदा तर चक्क गवताच्या उडवीवर. त्या दिवशी भाची म्हणाली, "मामा, उडवी नाव आहे, पण विमान मात्र उडवेना!" खर्च असा झाला:

पंखे 11, प्रत्येकी 60 रुपये: 660
छोटे सर्व्हो 3, प्रत्येकी 250 रुपये: 750
बॅटरी 1: 1,800
गोंद, चिकटपट्टी, फोम: 900
मोटरचा दांडा आणि किरकोळ: 400
एकूण: 4,510 रुपये

सर्व्हो म्हणजे काय? शेपटीचे आणि पंखांचे हलते भाग फिरवणारी इवलीशी मोटर. तिला विमानाचा स्नायू म्हणा ना!

4,510 ला 23 ने भागा. दर पडण्याला सरासरी 196 रुपये. हा झाला छोट्या विमानाचा दर.

आता मोठ्या विमानाचा जमाखर्च पाहा. इंजिन 32,000; बाल्सा लाकूड, प्लायवूड आणि वरचं आवरण 14,000; मोठे सर्व्हो 6, प्रत्येकी 2,200, म्हणजे 13,200; रिसीव्हर आणि बॅटऱ्या 9,000; चाकं, टाकी, पंखा वगैरे 6,800. बेरीज बरोब्बर 75,000 रुपये. यातल्या बऱ्याच वस्तू परदेशातून येतात, म्हणून किमती चढ्या. आणि सात महिन्यांच्या संध्याकाळी? त्यांची किंमत वहीत लिहिताच येत नाही.

म्हणून माझं सांगणं असं. विमानाची किंमत दुकानातल्या चिठ्ठीवर असते त्यापेक्षा जास्त असते. खरी किंमत म्हणजे विकत घेण्याचा खर्च अधिक पडण्याचा खर्च. ज्याला दुसऱ्या खर्चाची तयारी नाही, त्याने पहिला करू नये. मी अशी मुलं पाहिली आहेत, ज्यांना वाढदिवसाला थेट मोठं विमान मिळालं, पहिल्याच दिवशी ते पडलं आणि नंतर वर्षभर माळ्यावर पडून राहिलं. घरात त्याचं नाव काढायचीही चोरी! यात त्या मुलांचा दोष नव्हता. पहिली पायरी गाळून कुणी दहावी पायरी चढू शकत नाही.

समुद्रात हरवलेली विमानं

पडणं म्हणजे अपयश, असं वाटतं ना तुम्हाला? मग मेनार्ड हिल या अमेरिकन आजोबांची गोष्ट ऐका.

या आजोबांनी ठरवलं, आपलं छोटं मॉडेल विमान अटलांटिक महासागर ओलांडून न्यायचं. विमान पाच किलोपेक्षाही हलकं, बाल्सा लाकडाचं. समुद्रावर ते वाट शोधणार उपग्रहांच्या मदतीने. त्यांनी 2002 साली पाठवलेली विमानं समुद्रात हरवली. महिनोन् महिने खपून केलेली, पण हातची गेली. आजोबांची दृष्टी अधू झालेली, ऐकूही कमी यायचं. तरी प्रत्येक वेळी कुठे चुकलं असेल याचा विचार करून ते पुन्हा कामाला लागायचे.

9 ऑगस्ट 2003 रोजी त्यांनी कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरून आणखी एक विमान हाताने हवेत सोडलं. 38 तास 52 मिनिटांनी, सुमारे 3,000 किलोमीटर अंतर कापून ते आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलं! तेव्हा आजोबांचं वय होतं 77.

आणखी एक गंमत सांगतो. हे विमान उतरलं ते आयर्लंडमधल्या क्लिफडेन गावाजवळ. याच गावाजवळ 1919 साली अल्कॉक आणि ब्राउन हे दोघे, न थांबता अटलांटिक ओलांडणारे पहिले वैमानिक, उतरले होते. कसे? हिरवंगार कुरण समजून ते दलदलीत उतरले आणि विमानाचं नाक चिखलात रुतलं! म्हणजे इतिहासातलं ते थोर उड्डाणसुद्धा संपलं धप्प करूनच. दोघेही सुखरूप होते, हे महत्त्वाचं.

दहा सेकंद

आता चला परत कर्जतला. इंजिन गप्प झालंय. विमान 40 मीटरवर तरंगतंय. वालाच्या शेतात माणसं आहेत. तुम्ही माझ्या जागी असता, तर काय केलं असतंत?

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. पहिली वाट म्हणजे विमान माळाकडे वळवायचं. पोचलं असतं तर एक ओरखडाही न येता उतरलं असतं. पण मधे ते वालाचं शेत. वाटेत स्टॉल झाला असता तर साडेनऊ किलोचं ओझं थेट त्या माणसांवर! दुसरी वाट डावीकडे होती. तिथे खाचरं रिकामी होती. पण लहान लहान आणि प्रत्येकाला हातभर उंच बांध. तिथे उतरायचं म्हणजे विमान मोडणार, हे नक्की.

खरं सांगू? एक क्षणभर माझा हात पहिल्या वाटेकडे गेला होता. सात महिने डोळ्यांसमोर आले. पंचाहत्तर हजार आले. तेवढ्यात मागून भाची ओरडली, "मामा, खाली पोरं आहेत!"

मी नाक खाली दाबलं आणि विमान डावीकडे वळवलं. "सांभाळा! विमान येतंय!" असं आम्ही सगळे मिळून ओरडलो. विमान रिकाम्या खाचरात टेकलं, भाताच्या धसकटांतून पंधरा-वीस मीटर धावलं, समोर बांध आला आणि... धप्प! चाकं बांधावर राहिली, विमान पलीकडे उलटं.

आम्ही धावलो. पण आमच्याआधी वालाच्या शेतातल्या एक मावशी तिथे पोचल्या होत्या. धापा टाकत त्यांनी विचारलं, "दादा, कुनाला लागलं तर नाय ना?"

मित्रांनो, तो प्रश्न मी आजवर विसरलेलो नाही. कारण नंतर मला जो कुणी भेटला, त्याने एकच विचारलं, "केवढ्याचं होतं हो?" ज्या बाईंच्या डोक्यावर विमान पडू शकलं असतं, त्यांनी मात्र आधी माणसांची चौकशी केली.

मग आम्ही कामाला लागलो. सांडलेलं पेट्रोल बघितलं आणि इंजिन गार होईपर्यंत कुणाला जवळ येऊ दिलं नाही. दणका बसलेली लिथियम बॅटरी काढून, पेंढ्यापासून लांब, उघड्या मातीवर ठेवली. अशी बॅटरी कधीकधी थोड्या वेळाने पेट घेते, आणि जानेवारीत सुकलेल्या शिवारात एक ठिणगी पुरे होते. म्हणून रेतीची बादली आम्ही नेहमी बरोबर नेतो.

वहीत त्या दिवशी लिहिलं गेलं: पंखा 1,800, उजव्या पंखाचं लाकूड आणि आवरण 4,500, चाकं आणि त्यांचा सांगाडा 2,200, सर्व्हो 2, म्हणजे 4,400, इंजिनाची बैठक आणि दुरुस्ती 3,100. एकूण 16,000 रुपये. 196 ने भागून पाहा. तेवढ्या पैशांत छोटं विमान जवळजवळ 82 वेळा पडलं असतं!

आणि कारण? पेट्रोलच्या टाकीतली एक रबरी नळी चिरली होती. किंमत 40 रुपये. उड्डाणाआधी तपासायच्या यादीत ती सातव्या क्रमांकावर होती. भाचीने सकाळी आठवणही केली होती, "मामा, सातवा मुद्दा राहिला." मी म्हणालो होतो, "अगं, गेल्या रविवारीच तर बघितली!"

पण घरी परतताना, लोकलमध्ये, भाची वही उघडून बसली आणि म्हणाली, "मामा, कारणाच्या रकान्यात फक्त नळी लिहायची? नळी तुटली म्हणून इंजिन थांबलं. पण माणसांच्या बाजूने आपण उडवत होतो, हे नळीने थोडंच सांगितलं होतं?"

बरोबर होतं तिचं. इंजिन कधीही थांबू शकतं. पण ते थांबेल तेव्हा खाली माणूस नसावा, हे ठरवणं आपल्या हातात असतं. आमची खरी चूक 40 रुपयांची नव्हती. वालाच्या शेतात माणसं दिसत असूनही आम्ही फेरीची बाजू बदलली नाही, ती चूक होती. तिने तेही लिहिलं, आणि खर्चाच्या रकान्यात एक मोठ्ठं प्रश्नचिन्ह काढलं.

तुम्हाला शिकायचंय?

मग अगदी कमी खर्चात सुरुवात करा. थर्माकोलच्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यातून हाताने फेकायचं विमान बनवा. नाकाला चिकणमातीची गोळी लावा. गोळी कमी-जास्त करून पाहा. स्टॉल म्हणजे काय, तोल म्हणजे काय, हे सगळं त्यातच कळतं. राइट बंधूंच्या वडिलांनीसुद्धा मुलांना लहानपणी रबरबँडवर उडणारं एक खेळणं आणून दिलं होतं. ते मोडल्यावर मुलांनी स्वतःच नवी बनवली. तिथूनच त्यांना उडण्याचं वेड लागलं!

दुसरी पायरी म्हणजे कॉम्प्युटरवरचा सिम्युलेटर. तिथे शंभर वेळा पडा, खर्च शून्य. तिसरी पायरी छोटं फोमचं विमान, तेही चार-पाच मित्रांनी मिळून घेतलेलं. तुमच्या शाळेत किंवा कॉलेजात एनसीसीची हवाई शाखा असेल, तर तिथे एरोमॉडेलिंग शिकवतात. पुण्याचे सदानंद काळे गेली अनेक वर्षं मैदानांवर अशी विमानं उडवून दाखवत आले आहेत. असं प्रात्यक्षिक कुठे असेल तर जरूर बघायला जा. आणि विमान उतरताना उडवणाऱ्याच्या बोटांकडे बघा!

मोठं विमान मात्र थोडं थांबून. आपल्याकडे 2021 सालचे ड्रोन नियम मॉडेल विमानांनाही लागू आहेत. मॉडेल म्हणजे 25 किलोपर्यंतचं, शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठीचं, आणि नजरेच्या टप्प्यातच उडवायचं. वजन 2 किलोच्या वर गेलं, की उडवणाऱ्याला प्रमाणपत्र लागतं, आणि ते 18 वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं. कुठे उडवायची मनाई आहे आणि कुठे परवानगी लागते, ते सरकारच्या 'डिजिटल स्काय' नकाशावर रंगांनी दाखवलेलं असतं. 2025 साली नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून आपल्या भागात तो नकाशा पाहणं जास्तच गरजेचं झालंय. नियम बदलतही असतात, म्हणून आईबाबांबरोबर बसून आधी ते वाचा. आणि ज्याचं शेत, त्याची परवानगी तर हवीच हवी.

आमचं पुष्पक पुढच्या वर्षी दिवाळीनंतर पुन्हा उडालं. आता उड्डाणाआधीची यादी भाची मोठ्याने वाचते आणि मी प्रत्येक मुद्द्याला हात लावून "बघितलं" म्हणतो. यादीत पहिला मुद्दा नवा आहे: 'वाटेखाली कुणी आहे का?' शेतात माणसं असली की आम्ही चटई पसरून बसतो आणि वाट पाहतो. त्या जानेवारीत तर मावशींनीच आम्हाला पोपटी खायला थांबवून घेतलं. भांबुर्डीचा पाला लावलेल्या मडक्यातल्या, वाफ निघणाऱ्या वालाच्या शेंगा! विमान त्या दिवशी उडालंच नाही. पण कुणाचीही तक्रार नव्हती.

तर मित्रांनो, तुमचंही विमान कधी ना कधी पडेल. विमानच कशाला, सायकल पडेल, परीक्षेत एखादा विषय पडेल. तेव्हा तीन प्रश्न विचारायचे, आणि याच क्रमाने. कुणाला लागलं का? का पडलं? किती खर्च आला? हे तीनही रकाने प्रामाणिकपणे भरलेत, की वही मिटा आणि पुन्हा उडायला लागा!